पट्टी

ट्रेनिंगला आलेली ग्वेन बाई म्हणाली,
ओठांसमोर कागदाची पट्टी धरा.
बी म्हणताना ती गप्प राहते,
पी म्हणताना उडते.
उडाली की समजायचं, पोराला जमलं.

अरबीत प नाही.
म्हणून माझ्या वर्गात बेन, बेन्सिल, बेबर,
आणि भिंतीवर हिरवागार बॅरट.
व्हीसुद्धा नाही.
म्हणून मी, विभा सदाशिव गुरव,
मुक्काम सूर, ओमान,
पहिली ब च्या दारातून आत शिरले की
मिस फिबा.
चालतंय. गारगोटीत तरी कोण
पूर्ण नावानं हाक मारत होतं.

रविवारी
(इथं आठवडा रविवारी उघडतो,
माझ्या झोपेला हे अजून पटलेलं नाही)
बावीस मुलांसमोर पट्टी धरली.
म्हटलं, पेन.
पट्टी हलली नाही.
पुन्हा म्हटलं, जरा जोरात. पॅरट.
तपासणीला साहेब आले की आमचे गुरुजी उभे राहायचे,
तशी ताठ.

पुढच्या बाकावरच्या झुवैनानं
मान वाकडी करून पट्टीखालून पाहिलं,
माझे ओठ पाहिले,
आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात विचारलं,
मिस, बेन?

रात्री आरसा.
खोलीतली लिसम्मा भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
खिडकीबाहेर आयजाचा दिवा फिरतोय, जातोय, येतोय.
पाणी म्हटलं. पोळी. पगार. पत्र.
पट्टी ढिम्म.
तेव्हा कळलं की आमचा प श्वास खर्चच करत नाही.
ओठांतल्या ओठात भागवतो,
घरातल्या बाकी सगळ्यांसारखा.
पाचवीत इंग्रजी आलं तेही तसंच आलं,
साठ पोरांच्या एका सुरात,
पी ए एन पॅन, पॅन म्हणजे तवा,
आणि कुणाच्याही तोंडासमोर
कागद नव्हता.

मग फ करून पाहिला. फेन. फॅरट.
हे फार झालं.
थोडा प, थोडा फ.
मधेच कुठेतरी असेल.
लिसम्मा झोपेतच म्हणाली,
एवढ्या रात्री चहा काय फुंकतेस?

आणि समोर अप्पांची बशी आली.
तिच्या काठावर त्यांच्या मिशा,
आणि तो छोटासा श्वास,
चहा सांडणार नाही
पण साय सरकेल इतकाच.

सोमवारी मुलांना म्हटलं, कहवा.
आजोबांचा. खूप गरम.
फुंका.
बावीस पट्ट्या उडाल्या.
खल्फानची तर हातातून सुटून
एसीच्या वाऱ्यावर कपाटामागे गेली,
अजून तिथंच आहे.
मग कुणाला आवरणार?
पुक, पॉल, पनाना,
पाय पाय मिस फिबा,
बसमध्ये चढेपर्यंत.
ग्वेन बाईला हे कळवलेलं नाही.

एम चा दिवस गुरुवारी आला.
कार्ड वर केलं, पिवळं, देठाला एक पान,
आणि सगळा वर्ग एकदम ओरडला,
अंबा!

हात तसाच वर राहिला.
कुठल्या गलबतातून, कुणाच्या टोपलीतून
हा इथल्या धक्क्यावर उतरला असेल,
व्हिसा नाही, करार नाही,
सर्टिफिकेटवर कुणाचा शिक्का नाही,
आणि राहिला. कुटुंबासकट.
माझा पगार नो, मँगो म्हणण्याचा आहे.
म्हटलंही. तीनदा म्हणून घेतलं.

घंटेला दोन मिनिटं होती.
झुवैनानं आपली पट्टी माझ्यापुढे केली,
चुरगळलेली, एका कोपऱ्याला खजुराचा चिकटा.
मी ती ओठांसमोर धरली
आणि म्हटलं, आंबा.

हलली नाही.

फेरी गुड, झुवैना म्हणाली,
आणि स्वतःच्या वहीतला
सोनेरी तारा काढून
माझ्या मनगटावर चिकटवला.